पाचव्या घराचं पीठ

सरांच्या पायातल्या चपला दिसेनाशा झाल्या की आमच्या गल्लीतल्या बायका ओळखायच्या, मोहरम लागला. "मास्तर अनवानी फिरी ऱ्हायनात," असं एकजण दुसरीला ओट्यावरून सांगायची. मग दोघी हसायच्या, पण हसण्यात वाकडं काही नसायचं. निदान मी दोंडाईच्याला राहायला गेले तेव्हा तरी नव्हतं.

सर जातीनं पाटील, पेशानं भूगोलाचे मास्तर, आणि मी बदली होऊन तिथल्या शाळेत गेले तेव्हा निवृत्त होऊन माझे घरमालक झालेले. गावात त्यांना फकीर मास्तर म्हणत. तोंडावर सर, माघारी फकीर मास्तर, आणि माघारी काय म्हणतात ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी खोली दाखवताना त्यांनी मला गाव कुठलं विचारलं. मी मुक्ताईनगरकडची म्हटल्यावर म्हणाले, म्हणजे केळीवाले, तुमची बोली आम्हाला कळत नाही आणि आमची तुम्हाला, तेव्हा भांडण व्हायचं भय नाही. झालं उलटंच. पाणी किती वाजता सोडायचं यावरून आम्ही दोघं रोज भांडत होतो.

त्यांच्या घरात नकाशा म्हणून नव्हता. भूगोलाच्या मास्तराच्या घरात नकाशा नाही हे मला विचित्र वाटलं. पण त्यांना नकाशा लागतच नसे. चहा बशीत ओतला की बोट बुडवून ते फरशीवर तापी काढायचे. वर बऱ्हाणपूर, खाली सुरत, मध्ये आपण. मग बोटानं एक वाट ओढायचे, बऱ्हाणपुराहून थाळनेर, थाळनेरहून नंदुरबार, तिथून गुजरात. कापूस ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं पीर आले, हे त्यांचं आवडतं वाक्य. पीर आभाळातून पडत नाही, बैलगाडीतून उतरतो. त्याच्याबरोबर पिंजारी उतरतो, रंगारी उतरतो, अत्तरवाला उतरतो. जिथं बैल सोडतात तिथं विहीर, विहिरीपाशी बाजार, आणि बाजाराच्या कडेला पिराची कबर. खरं वाटत नसेल तर कुठल्याही पिराजवळ जाऊन विहीर शोधा, म्हणायचे. मी एकदोन ठिकाणी खरंच शोधली. सापडली, याचा मला थोडा रागच आला.

ही विद्या ते नको तिथं पाजळायचे. एका लग्नात जेवणाच्या पंगतीत कुणी पुढारी मोठ्या आवाजात सांगत होता की बाहेरून आलेलं सगळं आता आपण बाहेर घालवलं पाहिजे. सरांच्या पानात जिलबी होती. ती त्यांनी दोन बोटांत उचलून शेजारच्याला दाखवली, ही बाहेरची, आणि पानाबाहेर ठेवली. दारातली गुलाबदाणी बाहेरची. अंगाला लावलं ते अत्तर बाहेरचं. वाजतोय तो ताशा बाहेरचा, तो थांबवा. पंगत ऐकायला लागली तसे सर उठून उभे राहिले आणि मांडवाकडे हात करून म्हणाले, "मंग पैले नवरदेवना पायजमा काढा." पंगत हसून लोळली. नवरदेवाचा मामा हसला नाही. त्या घरून सरांना पुढं कधी निमंत्रण आलं नाही, आणि गंमत म्हणजे सरांना त्याचं वाईट वाटायचं. माणसाला दुखवून झाल्यावर ते दुखावलं कसं, याचं त्यांना खरोखर आश्चर्य वाटत असे.

वर्षातून एकदा ते थाळनेरला जायचे, आणि बरोबर केरसुणी न्यायचे. एसटीत केरसुणी घेऊन बसलेल्या निवृत्त मास्तराकडे लोक टकमका बघायचे. एकदा मीही गेले होते. शिरपूरला गाडी बदलून आम्ही पोचलो. तापीच्या काठावर खानदेशच्या जुन्या सुलतानांच्या कबरी आहेत. काही घुमट धड, काही पडके, आत वटवाघळं आणि शेळ्यांच्या लेंड्या. सरांनी धोतराचा काचा मारून एक घुमट आतून झाडून काढला. मग बाहेर सावलीत बसून आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला. मी म्हटलं, सर, हे तुमचे कोण लागतात? म्हणाले, हेही भाडेकरूच, पण पाण्यावरून कटकट करत नाहीत.

फकिरीचं मात्र ते असं थट्टेत बोलत नसत.

आमच्या खानदेशात पूर्वी ही रीत घरोघर होती. मूल जगत नसलं की बाई पिराला नवस बोलायची, जगलं तर मोहरमात त्याला फकीर करीन. मग दरवर्षी मोहरमच्या दिवसांत त्या पोराच्या गळ्यात हिरवा-लाल नाडा, खांद्याला झोळी. पाच घरी पीठ मागायचं, त्यात गूळ-तूप घालून मलिदा करायचा, पिरापुढं ठेवायचा आणि वाटायचा. पोरगं मोठं होऊन लग्नाला आलं की नाडा उतरवायचा. एकच अट होती, नाडा ज्यानं बांधला त्यानंच तो सोडायचा. सरांच्या आईनं बांधला आणि सोडायच्या आत ती गेली. सर तेव्हा शाळेत होते. त्यांना जन्मभराची फकिरी लागली ती अशी.

मी त्यांना एकदा सरळ विचारलं होतं, तुमचा यावर विश्वास आहे का? ते म्हणाले, माझा नाही, आईचा होता. मग आपणहून सांगितलं. त्यांच्याआधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. सर जन्मले तेव्हा आईला दूधच उतरलं नाही. गल्लीतल्या पाच घरांत तेव्हा लेकुरवाळ्या बायका होत्या, एक शिंप्याची, एक कुंभाराची, एक मारवाड्याची, एक चुलत घरातली पाटलीण, आणि एक पिंजाऱ्याची. त्या पाच जणींनी आळीपाळीनं त्यांना अंगावर पाजलं. आईनं नवसाला तीच पाच घरं लावून दिली. पीठ घालताना त्या घरच्या बाईनं म्हणायचं, "जगजो फकीर." आणि फकिरानं उत्तर द्यायचं, "बठ्ठा जगोत." तू जग, आणि सगळे जगोत.

"दूध पेयेल शे मी त्या घरनं," सर म्हणाले. "पीठ तं निमित्त शे."

पिंजाऱ्याच्या घरचा मुलगा त्यांच्याबरोबर एकाच वेळी दूध प्यालेला. मुसलमानांत अशी दोन पोरं भाऊच धरतात, दूधभाऊ. सर त्याला आयुष्यभर भाऊ म्हणाले. तो पिंजून द्यायचा त्याच कापसाच्या गादीवर झोपले. तो वारला तेव्हा पाटलांच्या घरात सरांनी सुतक पाळलं, म्हणून सरांची बायको महिनाभर त्यांच्याशी बोलली नव्हती. हे मला त्यांच्या बायकोनंच सांगितलं होतं, ती होती तोवर. त्या दूधभावाची बायको ती चाची. ऐकायला कमी, बोलणं मोठ्यानं, आणि अहिराणी अशी अस्सल की माझ्यासारख्या केळीवालीला दोनदा विचारावं लागे. मी पाहिलेल्या पहिल्या मोहरमात ती वाटी घेऊन दारात आली, झोळीत पीठ ओतलं आणि "जगजो फकीर" असं ओरडली की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. सर वाकून म्हणाले, "बठ्ठा जगोत, भाबी." पांढऱ्या केसांचा, चष्मेवाला, झोळी लावलेला हा म्हातारा मला तेव्हा हास्यास्पद वाटला नाही. का वाटला नाही ते मला आजही सांगता यायचं नाही.

मग गाव बदललं. दंगा झाला नाही, दगड पडला नाही, नुसतं बदललं. कुणीतरी मोबाइलवर सरांचा फोटो काढला, नाडा आणि झोळीसकट, आणि खाली लिहिलं की बघा, आपले गुरुजी कुणाचे झाले. तो फोटो फिरत फिरत पुण्याला त्यांच्या मुलापर्यंत गेला. मुलगा वाईट नव्हता. चांगल्या नोकरीत होता, दर दिवाळीला यायचा, बापाला औषधं पाठवायचा. त्यानं फोनवर एवढंच म्हटलं की बाबा, माझ्या ऑफिसातल्या लोकांनी मला हा फोटो दाखवला. सरांनी फोन ठेवला आणि मला विचारलं, ऑफिसातल्यांनी फोटो दाखवला तर यानं काय सांगितलं असेल, हे माझे वडील, की हे मला माहीत नाहीत? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. शिक्षकदिनाला शाळेत त्यांना दरवर्षी बोलवायचे, ते बंद झालं. आमच्या मुख्याध्यापकांनी मला स्टाफरूममध्ये सांगितलं की तसं काही नाही, सरांच्या तब्येतीमुळे. तब्येत तेव्हा उत्तम होती.

दुसऱ्या बाजूनंही तेच. चाचीचा मुलगा बापाचा धंदा बदलून फोमच्या गाद्या विकायला लागला होता. दुकान चांगलं चालायचं. तो धर्माच्या बैठकांना जायचा, दाढी ठेवली होती, वागायला अतिशय सभ्य. त्यानं एकदा सरांना समजावलं की काका, हे नाडा बांधणं, झोळी फिरवणं आमच्यात नाही, आणि तुमच्यात तर नाहीच नाही.

"मंग मी कोनामा शे?" सरांनी विचारलं.

त्यानं चहा मागवला. त्या वर्षी चाचीनं मुलाचं न ऐकता पीठ घातलं, पण दारात न येता खिडकीतून.

सरांचा शेवटचा मोहरम पावसाळ्यात आला. त्यांची मूत्रपिंडं निकामी होत आली होती, पाय सुजलेले, आणि त्या सुजलेल्या पायांनी ते चिखलात अनवाणी निघाले. मी रजा टाकून बरोबर गेले. जाण्यापूर्वी म्हटलं होतं की सर, एखादं घर कमी पडलं तर माझ्याकडचं घ्या, मीही त्याच गल्लीत राहते. ते म्हणाले, "तुना घरनं दूध नही पेयेल मी." मला ते लागलं. पण त्यांचं बरोबर होतं.

शिंप्याच्या सुनेनं शिलाई मशीन थांबवून पीठ घातलं, शब्द म्हटले. कुंभाराच्या घरी म्हातारी स्वतः उठली. चुलत पाटलांच्या घरच्या बाईनं आम्हाला मागच्या दारी बोलावलं, गल्लीत दोन्हीकडे बघितलं, आणि भराभर वाटी उपडी केली. बोलली मात्र नीट. मारवाड्याची सून घरात नवीन, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं दुकानातून पिठाचं बंद पाकीट आणून पुढं केलं. सर म्हणाले, बेटा, फोडून हातानं घाल. ती वैतागली, पण तिनं दातांनी पाकीट फोडलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, काय म्हणायचं असतं? मी सांगितलं. "जगजो फकीर," ती आपल्या मारवाडी हेलात म्हणाली, आणि का कोण जाणे, एकदम डोक्यावर पदर घेतला. सर इतके खूश झाले की तिची पायरी उतरताना मला म्हणाले, बघ, ही वाट अजून बुजलेली नाही.

उरलं पिंजाऱ्याचं घर. पुढं दुकान, मागं घर. चाचीच्या मुलानं लगेच प्लास्टिकची खुर्ची दिली, पाणी दिलं, डायलिसिस कधीपासून सुरू करणार ते विचारलं. दवाखान्यात न्यायला गाडी लागली तर सांगा, म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणत होता. पीठ मात्र घालणार नव्हता. हात जोडून म्हणाला की काका, एवढं एक सोडून काहीही मागा. चाचीचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ती आतल्या खोलीत पलंगावर होती. सरांनी पडद्याकडे बघून हाक मारली, "भाबी." पुन्हा मारली. आत टीव्ही मोठ्यानं चालू होता. मुलगा पडद्याच्या आणि सरांच्या मध्ये उभा होता, दांडगाईनं नाही, नुसता उभा होता.

सर खुर्चीवर बसून राहिले. गिऱ्हाइकं आली, गाद्या दाबून बघून गेली. झोळी मांडीवर घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याकडे ती एकदा बघत आणि मग बघायचं टाळत. शेवटी सर उठले. मुलानं त्यांना हाताला धरून पायरी उतरवली. मला त्या वेळी त्याला चार शब्द सुनवायचे होते. सरांनी माझा हात दाबला.

घरी येऊन त्यांनी झोळी खुंटीला अडकवली. मी म्हटलं, मलिदा करू का? चार घरांचा मलिदा होत नाही, म्हणाले. दसरा आला तरी झोळी तशीच होती. पिठात सोंडकिडे झाले, भिंतीवर चढायला लागले. मी टाकून द्यायला निघाले तर ते माझ्यावर ओरडले, आणि ओरडण्याची ताकद आता त्यांच्यात नव्हती म्हणून खोकत बसले. आठवड्यातून दोनदा धुळ्याला रक्त शुद्ध करायला जावं लागे. चाचीचा मुलगा कबूल केल्याप्रमाणे गाडी घेऊन यायचा, त्यांना उचलून बसवायचा, तिथं दिवसभर थांबायचा. रस्ताभर दोघं एकमेकांशी कापसाच्या भावाबद्दल बोलत. त्या दिवसाचा विषय दोघांनीही काढला नाही. मी मागच्या सीटवर बसून ऐकायची आणि मला वाटायचं, एवढं सगळं हा करतो, मग मूठभर पिठानं याचं काय जाणार होतं? आणि सरांनी तरी तोंड उघडून पुन्हा का मागू नये? पण मागायचे दिवस संपले होते. ते त्या दहा दिवसांतच मागायचं असतं.

एकदा धुळ्याच्या त्या वॉर्डात, हाताला नळ्या लावलेल्या असताना, सरांनी सलाइनच्या बाटलीतून गळलेल्या पाण्यात बोट बुडवलं. मला वाटलं तापी काढतील. त्यांनी नुसता ओला ठिपका काढला आणि बोट पुसून टाकलं.

"मनी माय खोटी पडनी," ते म्हणाले.

मी म्हटलं, सर, आई अशी खोटी पडत नसते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले की सगळ्यांनी मिळून जगवलं होतं, आता सगळे मिळून नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. चौघांनी हो म्हणावं आणि एकानं हात जोडावेत, हे त्यांना सोसत नव्हतं. आणि तो एकजण भावाचा मुलगा होता.

थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी सर गेले. झोपेतच. पुण्याहून मुलगा दुपारपर्यंत पोचला. तोवर सगळी गल्ली जमली होती. शिंप्याची सून, कुंभाराची म्हातारी, पाटलांची माणसं, मारवाड्याची सून दाराशी पदर सावरून. शाळेतूनही लोक आले होते. मुख्याध्यापक माझ्याजवळ येऊन सर किती मोठे होते ते सांगू लागले. मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले.

तिरडी बांधून होत आली असताना बाहेर गाडी थांबली. चाचीच्या मुलानं आईला उतरवलं. ती वॉकर टेकत, एक पाऊल टाकून थांबत, आत आली. मुलगा उंबऱ्याबाहेरच थांबला. वॉकरच्या दांडीला एक कापडी पिशवी होती. चाची सरांच्या उशाशी येऊन उभी राहिली आणि तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "माले कोनी सांगंच नही, भाऊ."

मुलानं तिला त्या सकाळीच पहिल्यांदा सांगितलं होतं. सर गेल्याचं सांगताना त्याच्या तोंडून तेही निघालं होतं, की मोहरमात काका आले होते आणि रिकामे गेले.

तिनं मला विचारलं, झोळी कुठं आहे? मी सांगितलं, आहे, पण पिठात किडे झालेत. "चाळी लिसू," ती म्हणाली. तुमच्याकडे आज चूल पेटायची नाही, मलिदा माझ्या घरी करीन. मी खुंटीवरून झोळी काढली. सरांचा मुलगा माझ्याकडे बघत होता. तो नको म्हणेल असं मला वाटलं. त्यानं पुढं होऊन झोळीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं.

चाचीनं पिशवीतून स्टीलची वाटी काढली, काठोकाठ भरलेली. एक हात वॉकरवर, एक हात वाटीला. थोडं पीठ फरशीवर सांडलं, थोडं सरांच्या कफनावर. वाटी रिकामी झाल्यावर तिनं मान वर केली.

"जगजो फकीर," ती म्हणाली, नेहमीसारखीच, पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल अशी.

आणि मग ती थांबली. पीठ घातल्यावर बाईनं थांबायचं असतं, फकीर उत्तर देईपर्यंत. त्या खोलीत ते उत्तर येत नाही असं गल्लीतलं एकही माणूस नव्हतं. एकदाच ऐकलेल्या मारवाड्याच्या सुनेपासून दाराबाहेरच्या चाचीच्या मुलापर्यंत सगळ्यांना ते पाठ होतं. मलाही होतं. ते फकिराचं उत्तर होतं, ते आम्ही कुणी द्यायचं की नाही, ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. चाची रिकामी वाटी हातात धरून उभी होती. तिला ऐकायला कमी येतं, म्हणून तिनं कान सरांच्या बाजूला थोडा पुढं केला.